जन्मनोंदीचीं जुनीं पुस्तकें व आयुष्यक्रमाचा अभ्यास : भंडारा जिल्ह्यांतील कोतवाल बुकांच्या निमित्तानें

ऐतिहासिक कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांची दृष्टि बखरी, सनदा, महजर, निवाडे आणि राजकारणी पत्रव्यवहार यांकडे प्रथम जाते, हें स्वाभाविकच आहे. रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांत एखाद्या प्रसिद्ध पुरुषाचें नांव सांपडलें कीं संशोधकास श्रमाचें सार्थक झालेंसें वाटतें. परंतु ज्यांत एकाही प्रसिद्ध पुरुषाचें नांव नाहीं, किंबहुना ज्यांत नोंदलेल्या जिवाचें स्वतःचें नांवही बहुधा नसतें, अशा एका कागदवर्गाकडे सभासदांचें लक्ष वेधावें, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यांत 'कोतवाल बुक' या नांवानें ओळखलीं जाणारीं जन्ममृत्यूच्या नोंदींचीं पुस्तकें, आणि त्यांच्या जोडीला जुन्या शाळांचीं दाखल-खारीज पुस्तकें, हा तो वर्ग होय.

हीं पुस्तकें आज बहुतकरून जातीच्या किंवा वयाच्या दाखल्यापुरतीं उघडलीं जातात आणि काम होतांच पुन्हा बांधून ठेवलीं जातात. त्यांचें खरें मोल कशांत आहे हें कळण्यास गेल्या पाऊणशें वर्षांत देशोदेशीं रूढ झालेल्या एका अभ्यासपद्धतीची ओळख करून घेणें अवश्य आहे. ती पद्धति अशी : एका ठराविक काळांत, एका ठराविक प्रदेशांत जन्मलेल्या अर्भकांची जन्मतांच नोंद घ्यावयाची; आणि पुढें तीं वाढतात, शिकतात, कमावतीं होतात, आजारी पडतात, म्हातारीं होतात, तसतशी वर्षानुवर्षें त्याच माणसांची पुनःपुन्हा विचारपूस करावयाची. कोण कोणत्या स्थितींतून कोणत्या स्थितीस पोंचला, कोणास कोणता रोग केव्हां जडला, आणि त्याचें मूळ बाळपणांत अथवा त्याहूनही पूर्वीं कोठें सांपडतें काय, हें पाहणें हा त्या पद्धतीचा उद्देश. तिला आम्ही येथें 'जन्मसमूहाचा अभ्यास' असें म्हणूं.

(१) एका घरचीं तीन प्रमाणें

विषय स्पष्ट व्हावा म्हणून आमच्या घरचेंच उदाहरण देतों. आमच्या वडिलांचा जन्म शके १८४८, म्हणजे इ. स. १९२६ मधला. त्याविषयीं तीन लेखी प्रमाणें आमच्यापाशीं आहेत. पहिलें, जन्मपत्रिका, तींत तिथि, नक्षत्र आणि घटिका दिली आहे. दुसरें, वैनगंगेच्या कांठच्या आमच्या गांवच्या कोतवाल बुकाची नक्कल. तींत पत्रिकेच्या दिवसाहून आठ दिवसांनंतरची तारीख आहे, आणि मजकूर एवढाच कीं अमुक बापास, अमुक जातीच्या, मुलगा झाला. तिसरें, शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकांतील नोंद. तींत जन्मतारीख १ जुलै १९२८ अशी आहे.

तिन्हींतील भेद उलगडणें कठीण नाहीं. पत्रिका ज्योतिषानें घरांतल्या माणसांच्या सांगण्यावरून, पण थोडक्याच दिवसांत केली. कोतवालानें आठवड्याच्या हजेरीस ठाण्यावर जातेवेळीं मागल्या सात-आठ दिवसांतील जन्ममृत्यु एकदम लिहवून घेतले. आणि शाळेच्या मास्तरांनीं मूल समोर उभें करून, अंदाजानें वय धरून, वर्ग सुरू होण्याची तारीख जन्मतारीख म्हणून मांडली. या शेवटच्या प्रकाराबद्दल परक्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हीं स्वतः तीस वर्षांवर मास्तरकी केली आहे, आणि पालकास तारीख ठाऊक नसतां जून-जुलैच्या पहिल्या तारखेला कित्येकांचे जन्म आमच्याही हातून झालेले आहेत. वडील सरकारी कचेरींत कारकून होते. शाळेच्या तारखेमुळें त्यांस दोन वर्षें अधिक नोकरी मिळाली, आणि त्या दोन वर्षांच्या पगारावर आमचें शिक्षण पुरें झालें.

परंतु नक्कल काढण्याकरितां मूळ पुस्तक चाळीत असतां आम्हांस जें सांपडलें तें निराळेंच होतें. वडिलांच्या नोंदीपूर्वीं सुमारें तीन वर्षें त्याच बापाच्या नांवापुढें 'मुलगी' अशी एक नोंद होती. आणि त्याच पुस्तकाच्या मृत्यूंच्या भागांत, कांहीं महिन्यांनंतर, त्याच बापाची मुलगी 'ताप' या कारणानें वारल्याची दुसरी. आमच्या घरीं सात पिढ्यांची वंशावळ आहे. तींत ही मुलगी नाहीं. तिची पत्रिका झाली नव्हती. वडिलांनीं किंवा आत्यांनीं तिचा उल्लेख केल्याचें आम्हांस कधीं आठवत नाहीं. बहुधा त्यांनाही ती ठाऊक नव्हती. बाराव्या दिवशीं तिचें नांव ठेविलें असेल, पण तें आतां जगांत कोणासही ठाऊक नाहीं. ती होऊन गेली याला एकच साक्षी आहे, आणि तो म्हणजे त्या पुस्तकांतील दोन ओळी.

(२) स्मृति आणि नोंद

प्रस्तुत विषयाचें मर्म या दोन ओळींत आहे. नैयायिकांनीं बुद्धीचे अनुभव आणि स्मृति असे दोन भाग करून स्मृतीस प्रमेच्या बाहेर ठेविलें, हें संस्कृतज्ञ वाचकांस विदित आहेच. स्मृति पूर्वसंस्कारांवर उभी राहते, आणि तो संस्कार मध्यंतरींच्या सर्व घडामोडींतून गाळून आलेला असतो. हृद्रोग झालेल्या साठ वर्षांच्या मनुष्यास 'बाळपणीं तुम्ही अशक्त होतां काय?' असें विचारलें, तर त्याचें उत्तर आजच्या दुखण्याच्या रंगांत बुडून येतें. श्रीमंतीस चढलेला मनुष्य मूळचें दारिद्र्य वाढवून सांगतो, आणि उतरलेल्या घराण्यांतला मूळचें वैभव.

याहूनही मोठा दोष असा कीं, जो उरला तोच सांगतो. जे बाळपणींच वारले, जे गांव सोडून गेले, ज्या मुली लग्न होऊन दुसऱ्या कुळांत मिसळल्या, त्यांची साक्ष स्मृतींत येतच नाहीं. वंशावळ ही टिकलेल्या पुरुषांची यादी आहे. तिजवरून 'पूर्वींचे लोक निरोगी व दीर्घायुषी असत' असें अनुमान काढणें म्हणजे समुद्रांतून परत आलेल्यांचीच गणती करून समुद्र निर्धोक ठरविण्यासारखें आहे.

नोंदीची गोष्ट उलट आहे. ती फल ठाऊक होण्यापूर्वींच झालेली असते. लिहिणाऱ्यास पुढें काय होणार हें माहीत नसल्यामुळें त्यानें पक्षपात करावा असें कारण उरत नाहीं, आणि आरंभ सर्वांपासून होत असल्यामुळें मध्येंच गळालेले किती हेंही मोजतां येतें. जन्मसमूहाच्या अभ्यासाची सर्व इमारत या एका पायावर उभी आहे.

(३) विलायतेंतील दोन दाखले

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला ब्रिटनमधला आहे. तेथें जन्माचें प्रमाण घटत चालल्याची चिंता होती, आणि बाळंतपणाचा खर्च व त्या वेळीं मिळणारी वैद्यकीय मदत यांची चौकशी करावयाची होती. त्याकरितां जेम्स डग्लस या वैद्यानें १९४६ च्या मार्च महिन्यांतील ३ ते ९ तारखांच्या एका आठवड्यांत इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड या देशांत प्रसूत झालेल्या १३,६८७ मातांची माहिती मिळविली. चौकशी एवढ्यावरच संपावयाची होती. परंतु हातीं आलेली सामग्री पाहून त्यांतील ५,३६२ मुलांचा पुढें मागोवा घेण्याचें ठरलें, आणि तीं मुलें २०१६ सालीं सत्तरीस पोंचलीं तोंवर तो चालूच राहिला. या निवडींत जुळीं मुलें आणि अविवाहित मातांचीं मुलें वगळलीं होतीं; म्हणजे इतक्या काळजीनें केलेल्या नोंदींतही कांहींजण दाराबाहेर राहिलेच.

त्यांतून निघालेले निष्कर्ष दोन प्रकारचे आहेत. आरोग्याविषयींचा एक असा कीं, कोळशाच्या धुरानें दूषित हवेंत वाढलेल्या मुलांस छातीचे विकार अधिक होत. सामाजिक स्थितीविषयींचा दुसरा, डग्लसनें १९६४ सालच्या 'द होम अँड द स्कूल' या ग्रंथांत मांडलेला, असा कीं परीक्षेंत सारखीच बुद्धि दाखविणाऱ्या दोन मुलांपैकीं श्रमिकाच्या मुलास वरच्या शाळेंत प्रवेश मिळण्याचा संभव मध्यम वर्गाच्या मुलाहून कमी होता. आम्हां शिक्षकांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु 'वाटणें' निराळें आणि हजारों मुलांच्या नोंदींवरून सिद्ध होणें निराळें.

पुढें तेथें १९५८ आणि १९७० सालीं, प्रत्येकीं एका आठवड्यांत जन्मलेल्या सुमारें सतरा-सतरा हजार मुलांचे समूह नोंदले गेले. त्या दोहोंच्या तुलनेवरून एक वाद माजला, तो साधनांची पारख करणारांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. अर्थशास्त्रज्ञांनीं उत्पन्न मोजलें आणि म्हटलें कीं, १९७० च्या मुलांचें भवितव्य १९५८ च्या मुलांपेक्षां बापाच्या उत्पन्नाशीं अधिक जखडलेलें दिसतें, म्हणजे वर चढण्याची वाट अरुंद झाली. जॉन गोल्डथॉर्प यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनीं धंद्याचा वर्ग मोजला आणि म्हटलें कीं, तसा कांहीं फरक दिसत नाहीं. माणसें तींच, वर्षें तींच. गज बदलला तसें माप बदललें.

दुसरा दाखला आमच्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल, कारण तो जुन्या चोपड्यांचा आहे. लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर नांवाचा परगणा आहे. बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यभरतीस आलेले पुष्कळ तरुण शरीरानें दुर्बल निघाल्यामुळें त्या देशांत बालसंगोपनाची काळजी वाढली होती. या परगण्यांत एथेल मार्गारेट बर्नसाइड या परिचारिकेच्या देखरेखीखालीं १९११ पासून प्रत्येक अर्भकाचें जन्मवेळचें वजन, पाजणें आईचें कीं बाटलीचें, आणि एक वर्षाचें झाल्यावरचें वजन, अशी नोंद चोपड्यांत ठेवली जाऊं लागली. ती १९४८ पर्यंत चालली. नंतर चोपड्या धूळ खात पडल्या.

१९८० नंतरच्या दशकांत साउदॅम्प्टनचे वैद्य डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी अशा जुन्या नोंदी शोधीत असतां ह्या चोपड्या त्यांच्या हातीं लागल्या. त्यांतील १९११ ते १९३० या काळांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचें पुढें काय झालें तें त्यांनीं मृत्युनोंदींशीं ताडून पाहिलें, आणि १९८९ सालीं प्रसिद्ध केलें कीं, जन्मवेळीं आणि एक वर्षाचे असतांना जे वजनानें सर्वांत कमी होते त्यांत हृद्रोगानें मरणाऱ्यांचें प्रमाण सर्वांत अधिक होतें. बर्नसाइडबाईंच्या मनांत हृद्रोग नव्हता; अर्भक जगावें एवढाच त्यांचा हेतु होता. तथापि प्रौढपणींच्या रोगाचें बीज गर्भांत व पाळण्यांत शोधणारी एक नवी विचारसरणी त्यांच्या परिचारिकांनीं लिहिलेल्या आकड्यांतून उभी राहिली. हा अभ्यास आरंभीं पुरुषांचाच झाला, याचें कारणही नोंद घेण्यासारखें आहे. मुलींचीं आडनांवें लग्नानंतर बदलत, त्यामुळें चोपडींतील मुलगी पुढें कोणती बाई झाली हें शोधणें अवघड होतें. स्त्रिया त्यांत मागाहून आल्या.

(४) आपल्या देशांतील अभ्यास

आपल्याकडे हें कार्य झालें नाहीं असें नाहीं. दिल्लीच्या दक्षिण भागांत डॉ. शांति घोष यांच्या पुढाकारानें १९६९ ते १९७२ या काळांत सुमारें आठ हजार जन्मांची नोंद होऊन त्या मुलांची वाढ वेळोवेळीं मोजली गेली. त्यांपैकीं १,४९२ माणसें सव्वीस ते बत्तीस वर्षांची झालीं असतां पुन्हा तपासलीं गेलीं. २००४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, दोन वर्षांपर्यंत जीं मुलें कृश होतीं आणि नंतर उंचीच्या मानानें वेगानें भरत गेलीं, त्यांच्या वाट्यास मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था अधिक आली. आठ हजारांचे दीड हजार कां झाले, याचें उत्तर शहरांतील वस्ती कशी हालते हें जाणणारास सांगावयास नको.

म्हैसूर येथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयानें १९३४ पासून जन्मलेल्या अर्भकांचें वजन, लांबी व डोक्याचा घेर यांच्या नोंदी जपून ठेविल्या होत्या. तेथें १९३४ ते १९५४ मध्यें जन्मलेल्या ५१७ स्त्रीपुरुषांस शोधून तपासलें असतां, १९९६ सालीं हर्टफर्डशायरसारखाच हृद्रोगाचा संबंध दिसून आला. मधुमेहाबाबत मात्र तेथें निराळेंच आढळलें. लांबीनें आंखूड पण अंगानें भरलेलीं अर्भकें, व वजनदार माता, यांच्याशीं तो जोडलेला होता. परदेशचा निष्कर्ष आपल्या मातींत जसाच्या तसा रुजत नाहीं, यास हें प्रमाण आहे.

महाराष्ट्रांतील मुख्य काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाचें. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत तें सुरू केलें. यांत विशेष हा कीं, आरंभ अर्भकापासून न होतां मातेपासून, तोही तिला दिवस जाण्यापूर्वीं झाला. तिचा आहार, तिचे कष्ट, तिचें रक्त, सर्व आधीं नोंदून मग मूल जन्मास आलें. आणि तीं मुलें सहा, बारा व अठरा वर्षांचीं होईतोंपर्यंत पुनःपुन्हा तपासलीं गेलीं. तेथील नवजात अर्भकाचें वजन सरासरीनें २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या अर्भकाचें ३.५ किलो भरलें. परंतु कातडीखालच्या मेदाची जाडी मोजली असतां, पाठीवर तरी, आपलें अर्भक त्या मानानें मागें नव्हतें. म्हणजे हाडें-मांस कमी आणि चरबी मात्र राखलेली. दिसावयास रोड, आंतून मेदयुक्त. ज्या मातांच्या आहारांत पालेभाज्या, फळें व दूध अधिक, त्यांचीं अर्भकें मोठीं होतीं. पुष्कळ मातांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव होती. ती उणीव आणि त्याच वेळीं फॉलेटचें आधिक्य असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीं मधुमेहाकडे झुकणारीं लक्षणें अधिक आढळलीं, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. आईच्या पानांत काय पडत होतें, याचा हिशेब मुलाच्या रक्तांत निघूं शकतो, हें यावरून ध्यानांत येतें.

विदर्भांत नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशननें पूर्व महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत गर्भिणी व नवजात यांची नोंदवही ठेविली आहे. ती प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंत, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याच्या थोडी पलीकडे पाहते. माता व अर्भक यांच्या जिवास मोठा धोका याच काळांत असल्यामुळें तें योग्यच आहे. परंतु सव्वा महिना संपल्यावर त्या मुलाचें सबंध आयुष्य राहतें. तेथवर पाहण्यास आपल्या प्रदेशांत आज जें साधन आहे तें जुन्या पुस्तकांचेंच.

(५) कोतवाल बुकाचें स्वरूप

आतां मूळ विषयाकडे वळूं. भंडारा जिल्हा १८६१ पासून मध्यप्रांतांत, पुढें मध्यप्रांत व वऱ्हाडांत, १९५६ पासून मुंबई राज्यांत आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. मध्यप्रांतांत गांवचा कोतवाल हा जागल्या, निरोप्या आणि जन्ममृत्यूचा खबऱ्या होता. तो पुष्कळ ठिकाणीं महार किंवा गोंड समाजाचा असे. स्वतःस लिहितां येत नसल्यास पटवारी, मुकद्दम अथवा मास्तर लिहून देत. तो तें पुस्तक बगलेंत मारून ठाण्यावर जाई. ज्या समाजास गांवाने विहिरीपासून दूर ठेविलें, त्याच समाजाच्या माणसाच्या हातीं गांवांतील प्रत्येक घरच्या जन्ममरणाची खबर होती, आणि मालगुजाराचा मुलगा व मजुराची मुलगी तेथें एकाखालीं एक लिहिलीं जात.

नोंदींत तारीख, बापाचें नांव, जात, मुलगा कीं मुलगी, आणि मृत्यु असल्यास कारण, एवढा मजकूर असतो. लिपि कोठें मोडी, कोठें बाळबोध. दाखल-खारीज पुस्तकांत मुलाचें नांव, बापाचें नांव, जात, राहण्याचें ठिकाण, जन्मतारीख, दाखल झाल्याची व शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचें कारण, आणि कित्येक पुस्तकांत बापाचा धंदाही लिहिलेला असतो. हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवलीं म्हणजे एका जन्माचे दोन टप्पे जुळतात. किती मुलगे जन्मले, किती पांच वर्षें जगले, किती शाळेंत आले, किती चौथीपूर्वींच 'गुरें राखण्यास' म्हणून गेले. आणि मुलींच्या नांवांची संख्या दुसऱ्या पुस्तकांत कोणत्या सालापासून वाढूं लागली. पवनी-मोहाडीचा विणकर, भंडाऱ्याचा पितळेचीं भांडीं घडविणारा, तुमसरकडील मँगनीजच्या खाणींतला मजूर, तलावाखालीं धान पिकविणारा कोहळी, विडी वळणारें घर, यांचीं मुलें पुढें कोठवर गेलीं, हें याच मार्गानें कळण्यासारखें आहे.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. यांत वजन नाहीं. म्हणून हर्टफर्डशायरचें काम येथें होणार नाहीं. 'ताप' या शब्दाखालीं हिंवताप, विषमज्वर आणि न कळलेलें दुसरें सारें एकत्र आहे. मुलाचें नांव नसल्यामुळें एकाच बापाच्या दोन मुलांत घोटाळा होतो. शाळेची तारीख कशी ठरे हें वर कबूल केलेंच आहे. १९५६ सालच्या नागपूरच्या धर्मांतरानंतर अनेक घराण्यांची ओळख 'महार' याऐवजी 'बौद्ध' अशी लिहिली जाऊं लागली. हें न जाणणारा एकाच घराण्यास दोन समजेल. जात हीच धंद्याचा वर्ग समजणें ही तर मोठीच चूक. एकाच जातींत मालगुजार आणि भूमिहीन दोन्ही असत. शिवाय १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यामुळें पूर्वेकडील गांवांचे कागद दोन ठिकाणीं पाहावे लागतात, आणि गोसीखुर्द धरणाखालीं गेलेल्या गांवांचे लोक व कागद दोन्ही हाललेले आहेत.

(६) संग्राहकांस विनंति

१ एप्रिल १९७० पासून जन्ममृत्युनोंदणीचा नवा कायदा अमलांत येऊन खेड्यांत हें काम ग्रामपंचायतीकडे गेलें. जुन्या पुस्तकांस तेव्हांपासून नवी भर नाहीं, फक्त झीज आहे. ती झीज दुहेरी आहे. वाळवी, कसर आणि दमट हवा हे नेहमींचे शत्रु आहेतच. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुरासारखे प्रसंग निराळे. परंतु दुसरा शत्रु माणूस आहे. जातीच्या दाखल्यास अनुसूचित जातींकरितां १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्यांकरितां २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास वर्गांकरितां १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा पाहतात. त्यामुळें या पुस्तकांतील एकेका ओळीवर एकेका कुटुंबाचें शिक्षण व नोकरी अवलंबून असते. ती ओळ शोधण्याकरितां पानें सहस्रदां उलटलीं जातात, कोपरे गळतात, आणि एखादा अविचारी मनुष्य आपलें पान फाडूनही नेतो. आम्हीं एके ठिकाणीं असें फाडलेलें पान पाहिलें आहे. नेणाऱ्यास एक ओळ हवी होती. त्या पानावरच्या बाकीच्या वीस घरांच्या ओळी त्याबरोबर गेल्या.

म्हणून सभासदांस आमच्या सूचना अशा. असें पुस्तक आढळल्यास तें सबंध राखावें. एखादें वैशिष्ट्यपूर्ण पान काढून संग्रहांत लावण्याचा मोह धरूं नये, कारण या साधनाचें मोल पानांत नसून पूर्णतेंत आहे. छायाचित्रें घेणें तर कव्हरापासून कोऱ्या पानांपर्यंत क्रमानें सर्व घ्यावीं, व त्यांजवर गांव आणि साल लिहावें. चिकटपट्टी व प्लास्टिकचें वेष्टण लावूं नये. पुन्हा बांधतांना कडा कापूं नयेत. पुस्तक सरकारी कचेरीचें किंवा शाळेचें असेल तर तें घरीं न आणतां तेथेंच नीट ठेवण्याबद्दल अधिकाऱ्यांस लेखी विनंति करावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ह्या नोंदी ज्यांच्या आहेत त्यांचे मुलगे व नातू जिवंत आहेत. कोणाच्या घरीं कोण कशानें वारलें, कोणाची जात काय लिहिली, हें नांवानिशीं छापणें अनुचित होय. विलायतेंतील अभ्यासकांनींही नांवें गुप्त राखूनच माहिती दिली आहे. आंकडे प्रसिद्ध करावे, माणसें करूं नयेत.

याच जिल्ह्यांत पवनी येथें १९६९-७० सालीं झालेल्या उत्खननांत प्राचीन स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लेख निघाले, हें सर्वांस ठाऊक आहे. दान देणाऱ्यांचीं नांवें त्या दगडांवर वाचतां येतात. पण ते कोणाचे कोण होते, किती जगले, त्यांचीं मुलें काय झालीं, हें कळण्यास कोणतेंही साधन नाहीं. त्यांच्या काळीं ती खबर ठेवणारा कोणी नव्हता. शंभर वर्षांपूर्वींच्या भंडाऱ्याबद्दल आपली तशी अडचण नाहीं, कारण तीं पुस्तकें बगलेंत घेऊन कोणी तरी पायीं ठाण्यावर गेलेला आहे.

आमच्या वंशावळींत आम्हीं नुकतीच एक दुरुस्ती केली. वडिलांच्या वर एक शाखा काढून तेथें 'मुलगी, सन १९२३, बाल्यांत वारली' असें लिहिलें, आणि शेजारीं कोतवाल बुकाचा आधार दिला. नांवाची जागा कोरी आहे. ज्या सभासदांच्या घरीं वंशावळी आहेत त्यांनीं आपल्या गांवचीं पुस्तकें एकदां पाहावीं, आणि जीं पुस्तकें कोठें आहेत व कोणत्या स्थितींत आहेत त्यांची गांववार यादी मंडळाकडे पाठवावी, एवढी विनंति करून हा लेख संपवितों.